चेहरा नसलेली शोमरोनी

कमलआत्या गेल्याचा फोन आला तेव्हा मी नवा रायपूरच्या ऑफिसात होतो. तशीच गाडी काढली आणि त्या रुंद, रिकाम्या रस्त्यांवरून मोठ्यानं रडत घरी आलो. आता महिना होऊन गेला. भेटायला येणारे म्हणतात, बाई फार शांत होती हो... कोण शांत? माझी आत्या? जन्मभर जिनं चर्चच्या कमिटीला घाम फोडला, तिला मेल्यावर शांत करायला निघालेत!

आजोबा रेल्वेच्या नोकरीत नागपूरहून इथे रायपूरला आले, तेव्हापासून आमचं घर याच चर्चचं. वेदीच्या डाव्या बाजूला रंगीत काचांची खिडकी आहे. विहिरीवर पाणी भरायला आलेली बायबलातली शोमरोनी, म्हणजे शोमरोन प्रांतातली, बाई आणि तिच्याकडे पाणी मागणारा येशू. नाताळाआधी खिडक्या धुण्याचं काम चर्चमधल्या बायकांकडे. एका वर्षी आत्यानं ती खिडकी घरच्या पाण्याच्या पितळी गुंडासारखी चिंच आणि राखेनं घासून काढली. काच लखलखली, पण शोमरोनीचे नाकडोळे साफ पुसले गेले. ते वरून रंगवलेले असतात, हे आम्हाला कुठे ठाऊक!

कमिटीनं लगेच ठरवलं, खिडकी काढायची आणि ॲल्युमिनियमची सरकती बसवायची. आत्या भर सभेत उभी राहिली. "चूक माही हाये, मले बोला. तिले काहून हाकलून राहिले?"

"बिनचेहऱ्याची बाई चर्चमध्ये बरी दिसते का?" सचिव म्हणाले.

"गावानं तिचं तोंड पाहाचं सोडलं होतं, म्हणून तर ती भर दुपारी एकटी पाण्याले आली. येशूनं तिच्यासंगं बोलाचं सोडलं नाही. मंग तुम्ही कोण?"

तरी खिडकी काढायला कारागीर आलाच. आत्या खिडकीखाली स्टूल टाकून लसूण सोलत बसली. त्याला चहा पाजला, त्याच्या पोरांची चौकशी केली, पण संध्याकाळपर्यंत जागची हलली नाही. खिडकी राहिली. पुढे ती ओल्या मलमलनं पुसायची, दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायची नाही.

गेल्या रविवारी उपासनेनंतर सचिव प्रेमानं जवळ आले. "भैया, दीदी के नाम से नई खिड़की लगवाते हैं. चेहरा भी पूरा बनेगा. नीचे उनके नाम की पट्टी." आजूबाजूच्या माना हलल्या. माझं डोकंच फिरलं. एरवी मी तिथे हिंदीच बोलतो, त्या दिवशी तोंडातून घरचीच बोली आली.

"आत्याच्या नावानं आत्याचीच खिडकी काढता? नाही काढाची."

"पण नवीन लोक विचारतात ना, ही बिनचेहऱ्याची कोण म्हणून." सचिवही मराठीवर आले.

"विचारू द्या. मी बसतो दर रविवारी खिडकीखाली. सांगीन, माही आत्या हाये."