फुकटची वकीलबाई

माझ्या शुद्धलेखनाला आणि अक्षराला कोणी हसू नये. मी चौथीपर्यंतच शिकले. त्यानंतर किराण्याच्या याद्या सोडल्या तर फारसं काही लिहिलं नाही. ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलं नाही आणि माझी ओळ उजवीकडे जाता जाता खाली उतरते. हे कोणी वाचावं म्हणून लिहीत नाही. मुलीला मराठी बोललेलं कळतं, वाचता येत नाही, त्यामुळे वही उघडी राहिली तरी भीती नाही. तरीपण चुकून कोणाच्या हाती पडलीच तर आधीच माफी मागून ठेवते.

एकोणीसशे शहाण्णव साली आम्ही न्यू जर्सीला आलो. माझ्या मिस्टरांचे थोरले भाऊ, दादा, इथे फार वर्षं होते. त्यांनी आमचे कागद केले होते. मिस्टरांना मी ‘अहो’ म्हणते आणि दुसऱ्यांशी बोलताना ‘हे’. इथेही तसंच लिहिते. हे दिवसा आयसेलिनच्या एका दुकानात पोती उतरवायचे आणि संध्याकाळी माझे डबे पोचवायचे. पुण्या-नागपूरची कॉम्प्युटरवाली मुलं एकेका अपार्टमेंटमध्ये चार-चार राहायची, त्यांना डबा लागायचा. मला लोकांशी बोलायची लाज वाटते, पण पोळीभाजीला बोलावं लागत नाही.

त्यातला एक मुलगा फार गोड बोलायचा. यांना काका म्हणायचा, मला काकू. बाकीचे डबा विसळूनसुद्धा देत नसत, हा मात्र कधी रिकामा डबा पाठवत नसे. एखादं चॉकलेट, कधी मूठभर बदाम. मी यांना म्हणायची, “बघा, आईने वळण लावलंय.” मग एकदा डब्यात कागदात बांधलेली पुडी आली. हे म्हणाले, “पुढच्या बिल्डिंगमधल्या त्याच्या मित्राला द्यायची आहे. औषध आहे म्हणतो.” त्यात नवल वाटण्यासारखं काहीच नव्हतं. इथे जो तो भारतातून येताना पिशवीभर गोळ्या आणतो. डॉक्टरची फी परवडत नाही, म्हणून तापाच्या, पोटाच्या, कंबरेच्या गोळ्या एकमेकांना देतो. दुसऱ्याची पुडी उघडून बघायची आमची रीत नाही. हे वर्षभर पुड्या पोचवत राहिले. पैसे कधी घेतले नाहीत.

एका शनिवारी सकाळी दार वाजलं. पोलिसांची जॅकेट घातलेले चार लोक. यांनी त्यांना आत घेतलं, सोफ्यावरचे कपडे उचलून “बसा, बसा” केलं. मी चहा टाकला. यांचं इंग्लिश दुकानापुरतं, म्हणून मुलीला उठवलं. ती तेरा वर्षांची होती, रात्रीच्याच कपड्यांत येऊन उभी राहिली.

“पप्पा, ते विचारतायत, पुड्या तुम्ही देत होता का?”

“हो, मीच द्यायचो. सांग.”

“आत काय आहे माहीत होतं का?”

“आधी विचार, त्या पोराचं काय केलं?”

तिने विचारलं. “तो कस्टडीत आहे म्हणतात.”

यांनी मांडीवरचे कपडे बाजूला ठेवले. मग म्हणाले, “सांग, मला माहीत होतं. गोळ्या आहेत हे माहीत होतं. त्याला एकट्याला धरू नका म्हणावं. पोरगा आहे, आईबाप तिकडे आहेत.”

“पप्पा, आर यू शुअर? असं नका ना सांगू.”

“मी सांगतो तसं सांग.”

तिने सांगितलं. यांचं एवढं लांब बोलणं इंग्लिशमध्ये केवढंसं झालं. एकाने ते लिहून घेतलं. चहा एकानेच प्यायला.

त्या गोळ्या नशेच्या होत्या. आपल्याकडे त्या ऑपरेशननंतर देतात, इथे लोक व्यसन म्हणून घेतात. यांच्यावर गोळ्या वाटण्याचा खटला झाला, तोही फेडरल. फेडरल म्हणजे थेट दिल्लीच्या सरकारने धरल्यासारखं, असं दादांनी मला समजावलं. दादांनी जामिनासाठी स्वतःचं घर लिहून दिलं. तो गोड बोलणारा मुलगा पहिल्याच महिन्यात सरकारच्या बाजूला गेला. काकांना सगळं माहीत होतं, असं त्यानेही सांगितलं.

आमच्याकडे पैसे नाहीत हे बघून कोर्टाने एक वकील दिली. फुकट. ती घरी आली तेव्हा दारातल्या चपला बघून तिने न सांगता बूट काढले. एका मोज्याला अंगठ्याशी भोक होतं, तिने पाय मागे घेतला. मला ती त्याच क्षणी आवडली. तिने मुलीला मध्ये घेतलं नाही, फोनवर मराठी बोलणारी एक बाई लावली. यांना तासभर विचारलं आणि मग माझ्याकडे वळली. फोनमधली बाई म्हणाली, “त्या विचारतायत, तुम्ही चहा करत होता तेव्हा ते चौघं कुठे कुठे होते?”

मला कोणी काही विचारेल असं वाटलंच नव्हतं. मी सांगितलं, दोघं सोफ्यावर, एक बाहेरच्या दाराशी, आणि एक माझ्या स्वयंपाकघराच्या दारात. फ्रिजमधून दूध घ्यायला मला त्याला हाताने बाजूला व्हा म्हणावं लागलं. वकीलबाईने मान वर केली. परत विचारलं, परत सांगितलं, तिने सगळं लिहून घेतलं.

तिचं म्हणणं असं होतं, की दारं अडवून, गप्प राहायचा हक्क आहे हे न सांगता, तेराच्या मुलीला दुभाषी करून घेतलेला जबाब जज रद्द करू शकतो. तो रद्द झाला तर सरकारकडे त्या मुलाच्या शब्दाशिवाय काही उरत नाही. फक्त आमच्या मुलीला कोर्टात उभं राहून सांगावं लागेल.

“ते जमणार नाही,” हे म्हणाले. “माझी पोर पिंजऱ्यात उभी राहणार नाही.”

“तिच्यावर काही आरोप नाही. ती फक्त काय झालं ते सांगेल.”

“नाही म्हणजे नाही.”

मुलगी जिन्यात बसून ऐकत होती. ती म्हणाली, “आय कॅन डू इट, पप्पा.” यांनी तिला वर पाठवलं.

संध्याकाळी दादा आले. ते म्हणाले, “त्या वकीलबाईला पगार कोण देतं?”

“सरकार.”

“आणि केस कोणी केली?”

“सरकारनेच.”

“मग? ज्याचा पगार खाते त्याच्याशी भांडेल ती? मोजा फाटका आहे म्हणतोस. चांगली असती तर तिचं ऑफिस नसतं का? अरे, फुकटचा वकील हा वकील असतो का?”

हे मान हलवत राहिले. मी पोळ्या लाटत होते. मला ते दूध आणि तो स्वयंपाकघराचा दरवाजा आठवत होता. पण मला कोणी विचारलं नाही आणि दादांसमोर मी कधी बोलले नव्हते.

नवा वकील दादांच्या ओळखीच्या कोणीतरी सांगितला. काचेच्या इमारतीत ऑफिस, भिंतींना लाकूड, खुर्चीत बसलं की माणूस आत जायचा. पंधरा हजार डॉलर आगाऊ. दादांचं घर आधीच कोर्टात अडकलेलं.

मी एका भिशीत होते. ती चालवणाऱ्या काकू सत्तरीच्या, इथे सगळ्यांत आधी आलेल्या. नुसत्या भिशीने एवढे पैसे निघणार नव्हते, म्हणून त्यांनी सगळ्या बायकांकडे जमेल तसे मागितले. मी कोपऱ्यात बसले होते.

एकजण म्हणाली, “गोळ्या विकणाऱ्यासाठी आपण पैसे द्यायचे?”

काकू म्हणाल्या, “मागच्या खेपेला तुझ्या नवऱ्याच्या बॅगेत काय काय होतं, काढू का सगळ्यांसमोर? अर्धं मेडिकलचं दुकान उचलून आणलंत. माझ्या गुडघ्यालाही त्यातलीच गोळी दिलीस.”

“ती साधी होती हो काकू.”

“तुला काय माहीत साधी होती? मला तर छान झोप लागली.”

बायका हसल्या. मग एकेक जण किती जमेल ते काकूंना सांगू लागली. दुसऱ्या आठवड्यात काकू श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात पैसे घेऊन आल्या.

काचेच्या ऑफिसातल्या वकिलाने यांच्याशी दोनदा बोलणं केलं, दोन्ही वेळा घाईत. स्वयंपाकघराच्या दाराबद्दल त्याने विचारलं नाही. तो म्हणाला, लढलात तर दहा वर्षंसुद्धा होऊ शकतात, गुन्हा कबूल केलात तर दोन. मुलीला कोर्टात यावं लागणार नाही हे ऐकून यांनी हो म्हटलं. जजने दुभाष्याकडून विचारलं, तुमच्यावर कोणी जबरदस्ती केली का? हे म्हणाले, “नाही, साहेब.” मागे वळून त्यांनी आमच्याकडे बघितलं आणि असे हसले, जसं काही एक मोठं काम उरकलं.

दोन वर्षं मी दादांच्या गाडीतून भेटायला जात होते. डबे बंद पडले, गोळ्यांच्या घरचा डबा कोण घेणार? मी एका मिठाईच्या दुकानात मागच्या बाजूला पोळ्या आणि करंज्या करायला लागले. हे भेटले की म्हणायचे, “इथे डबा सुरू कर तू. गिऱ्हाईक भरपूर आहे, आणि कोणी सोडून जात नाही.” मी हसायची. ते बारीक झाले होते.

सुटायच्या दिवशी आम्ही त्यांचा कोट आणि पुरणपोळी घेऊन गेलो. तिथल्या माणसाने मुलीला काहीतरी सांगितलं. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, “पप्पांना इमिग्रेशनवाले घेऊन गेले. सकाळीच.”

कबूल केलेल्या त्या गुन्ह्यामुळे ग्रीन कार्ड जातं. हे आम्हाला कोणीच सांगितलं नव्हतं. काचेच्या ऑफिसात फोन केला तर बाई म्हणाली, ते काम वेगळं, त्याची फी वेगळी. मग मुलीने तो जुना नंबर शोधला आणि फुकटच्या वकीलबाईला फोन लावला. तिला आम्ही आठवत होतो. तिने सगळं ऐकून घेतलं. मग तिने सांगितलं, आता फार उशीर झाला आहे. तिने कार्डाबद्दल आधीच लिहून ठेवलं होतं, जबाबाची सुनावणी झाली की ती त्यावर बोलणार होती. शेवटी तिने विचारलं, “आणि तू कशी आहेस?” मुलीने ‘थँक यू’ म्हणून फोन ठेवला.

त्या रात्री मुलगी माझ्या शेजारी येऊन झोपली. म्हणाली, “आई, आय शुड हॅव लाइड.” एवढं इंग्लिश मला कळतं. मी तिच्या केसांतून हात फिरवला. तिने पप्पांचं ऐकलं होतं, दुसरं काय करणार होती.

यांना परत भारतात, मिरजेला पाठवलं. तिथे ते एका कापडाच्या दुकानात बसतात. रविवारी फोन करतात. पहिल्यांदा म्हणाले, “तूही ये.” मी म्हटलं, “बायकांचे पैसे आहेत. ते ठेवून कशी येऊ?” त्यांनाही ते पटलं. त्यानंतर दर फोनला एवढंच विचारायचे, “किती राहिले?” मी सांगायची. मग पावसाचं, भाज्यांच्या भावाचं बोलायचो. मुलगीही विचारायची, “आई, तू जाणार आहेस का?” तिलाही मी तेच सांगायची, पैसे फिटले की बघू. दोघांनाही देण्यासाठी माझ्याकडे एकच उत्तर होतं आणि ते दर महिन्याला थोडं थोडं कमी होत होतं.

दर महिन्याच्या भिशीला मी काकूंच्या हातात पाकीट द्यायची. दोन हजार आठच्या उन्हाळ्यात शेवटचं राहिलं. मुलीला कॉलेजला प्रवेश मिळाला होता, सामान बांधून झालं होतं. मी काकूंचा तो श्रीखंडाचा डबा घासून पुसून ठेवला होता. त्यात पैसे ठेवले, वर थोड्या करंज्या ठेवल्या आणि नेऊन दिला.

काकूंनी झाकण उघडलं, करंजी मोडून खाल्ली. पैसे मोजले नाहीत.

“मग, आता जाशील ना?” त्यांनी विचारलं.

मी झाकणाला लागलेलं करंजीचं तूप पदराने पुसत राहिले.  जरा वेळाने त्यांनी पैसे काढून घेतले, डब्यात मूठभर साखर घातली आणि तो मला परत दिला.

सगळे पैसे फिटले.