सालदार नव्हे, सावड

माझी पाठवणी भाजीच्या टेम्पोतून झाली. बडनेऱ्याहून सकाळची मुंबईची गाडी, पुढे विमान आणि त्याच्याही पुढे बेल्जियम. आमच्या बाबांचं म्हणणं मात्र एवढंच होतं, "टेम्पो तिकडे जाऊनच राहिला, त रिकामा काहून न्यायचा?" भातकुलीजवळच्या आमच्या मळ्यातून पहाटे निघालो तेव्हा पुढे ड्रायव्हरशेजारी बाबा होते आणि मागे मेथी-सांबाराच्या जुड्यांमध्ये मी आणि माझी मोठी बहीण मंदाताई. कोथिंबिरीला आमच्याकडे सांबार म्हणतात. पुण्या-मुंबईच्या लोकांनी त्यावर पोटभर हसून घेतलं आहे, तरी आम्ही सांबारच म्हणतो. आधी अमरावतीच्या मंडईत भाजी उतरली, मग बडनेऱ्याला मी उतरले.

फलाटावर बाबा म्हणाले, "तब्येत सांभाळ. अन् कोनाले कमी समजू नको." गाडी येईपर्यंत ताई माझ्या केसांत अडकलेली मेथीची पानं वेचत होती, आणि मी तिला म्हणत होते, असू दे गं, लोक बघतात.

ताई माझ्याहून पाच वर्षांनी मोठी. आमची आई गेली तेव्हा ती बारावीला होती. विज्ञानात तिला माझ्यापेक्षा कितीतरी जास्त मार्क पडायचे, हे मी आज कबूल करते, तेव्हा केलं नसतं. परीक्षा झाल्यावर तिनं घर आणि मळा हातात घेतला, तो घेतलाच. लग्नही गावातच झालं, दोन गल्ल्या पलीकडे, त्यामुळे तिला सासर-माहेर दोन्हीकडचं निंदण-खुरपण सुटलं नाही. मी अकोल्याला शेतकीची पदवी घेतली, आणि तिथून बियाणं तपासायच्या लॅबमधून लॅबमध्ये उड्या मारत इथवर आले. इथे मी दिवसभर काचेच्या बशीत कोंब मोजते. ताई तेच काम वाफ्यात वाकून करते, पण मला शास्त्रज्ञ म्हणतात.

इथला पहिला फेब्रुवारी मला जन्मभर आठवेल. थंडी अशी की नाक आहे की गेलं ते चाचपून बघावं लागे. एका शनिवारी बाजाराला निघाले तर रस्ता बंद. आमच्या घरमालकीणबाईंनी, सत्तरी ओलांडलेल्या बाईंनी, फुटपाथवर दोन खुर्च्या मांडल्या आणि मला हातानंच खूण केली, बस. तासभर बसलो. मग पोलिसांच्या मोटारसायकली आल्या, त्यांच्यामागे शंभर-सव्वाशे बायका सायकलींवरून सुसाट आल्या आणि वीस सेकंदांत दिसेनाशा झाल्या. मला चांगलाच राग आला. एवढ्यासाठी माझा बाजार बुडाला?

बाईंनी मग मला घरात नेऊन टीव्हीसमोर बसवलं आणि उरलेली शर्यत समजावून सांगितली. जिंकते एक, पण तिच्या संघातून धावतात सहा जणी. पाच जणी वाऱ्याच्या तोंडाला राहायचं, पाठीमागच्या मोटारीतून पाण्याच्या बाटल्या आणायच्या, मुख्य बाईचं चाक पंक्चर झालं तर आपलं काढून द्यायचं. अशा मुलीला इथल्या भाषेत म्हणतात 'क्नेख्त'. म्हणजे काय, विचारलं तर बाई म्हणाल्या, शेतावरचा गडी.

शेतावरचा गडी! परक्या देशात इतक्या दिवसांनी ओळखीचं कोणी भेटल्यासारखं झालं मला. त्या दिवसापासून मी या शर्यतींच्या नादी लागले ती लागलेच. जानेवारीत ऑस्ट्रेलियातल्या, मग वाळवंटातल्या, आणि फेब्रुवारीअखेरपासून आमच्या दारावरून जाणाऱ्या, दगडी रस्त्यांच्या, चढांच्या. लॅबमधले लोक म्हणतात, तू आमच्याहून जास्त बेल्जियन झालीस. झाले असेन. पण त्या शर्यतीतलं एकूण एक मी मनात वऱ्हाडीत बघते.

बाबांचा गुडघा गेला आणि ते घरात बसून राहू लागले, तेव्हा व्हिडिओ कॉलवर त्यांनाही मी ही चटक लावली. इथे दुपार असे, तिकडे जेवणं आटोपायची वेळ. मी फोन टीव्हीसमोर धरायची आणि सांगायची, "बाबा, ती पिवळ्या हेल्मेटची दिसते ना, ती सालदार. ती दुसरीसाठी राबते." सालदार म्हणजे वर्षाच्या बोलीनं ठेवलेला गडी. मला वाटलं, किती अचूक शब्द शोधला.

बाबांनी बराच वेळ बघितलं आणि मान हलवली. "सालदार नाई व हे. सालदार कोनाच्या मांगं असा जीव काढते का? हे सावड हाय."

सावड तुम्हाला ठाऊक असेल, नसेल तर सांगते. आज तुझ्या वाफ्यात मी निंदायला येते, उद्या माझ्या वाफ्यात तू ये. मजुरी नाही, हिशेब नाही, फक्त फेडायची विसरायची नाही. मी म्हटलं, बरं, सावड तर सावड. पण बाबांचं समाधान एवढ्यावर कुठलं व्हायला! त्यांचा पुढचा प्रश्न आला, "मंग ते दुसरी फेडते कधी?"

खरं सांगायचं तर मला माहीत नव्हतं. जिंकणारीच्या नावापुढे मी कधी बघितलंच नव्हतं. त्या दिवशी निकालाची यादी शोधली, तर पिवळ्या हेल्मेटचं नाव सगळ्यात खाली, 'शर्यत पूर्ण केली नाही' या रकान्यात. बाबांना वाचून दाखवलं तर ते तावातावानं म्हणाले, "पूर्न केली नाई कसं? सारं काम त त्या पोट्टीनंच केलं." त्यानंतर दर शर्यतीला ते एवढंच विचारत, आज फेडली का?

आणि एकदा फेडली. गेल्या मार्चमधली गोष्ट. मुख्य बाईचे पाय त्या दिवशी चालत नव्हते. शेवटच्या चढाआधी ती स्वतः पुढे आली, वाऱ्याला लागली आणि पिवळ्या हेल्मेटला आपल्या मागे घेऊन चढाच्या पायथ्यापर्यंत आणून सोडलं. पुढे ती एकटी गेली आणि जिंकली. मी इथे उड्या मारत होते. फोनमध्ये बाबा टाळ्या वाजवत होते. टाळ्या थांबवून ते सहज, अगदी सहज बोलले, "आपल्या मंदीची बी फिटाले पायजे होती. अकोल्याले जाऊन राहिली होती बिचारी. राहून गेलं."

"अकोल्याला कशाला जाणार होती?" मी विचारलं.

मागून ताईचा आवाज आला, "बाबा, तुमी जेवता का आता?" आणि फोन बंद झाला.

दुसऱ्या दिवशी भाऊजींना फोनवर गाठून सगळं काढून घेतलं. अकोल्याला रोपवाटिकेचं सहा आठवड्यांचं प्रशिक्षण असतं, तिथेच राहून करायचं. वांग्या-टोमॅटोची कलमं बांधायला शिकवतात. ताईचं नाव दोनदा लागलं होतं आणि दोन्हीदा तिनं नाही म्हणून कळवलं, कारण बाबांना उठवायला-बसवायला आणि मळ्यावर नजर ठेवायला कोणी नव्हतं. मला कळवायचं कोणाच्या मनातही आलं नाही. त्याचंच मला जास्त लागलं. मी इतकी लांब गेले होते, की घरच्या अडचणीत माझं नाव धरतच नव्हते.

तुमच्यापैकी जे असे लांब गेलेत त्यांना हे कळेल. आपण दर रविवारी फोन करतो, औषधं पाठवतो, दिवाळीला साड्या घेऊन जातो, आणि आपल्याला वाटतं आपण घरात आहोत.

मी ताईला फोन केला. पुढच्या वर्षी नाव दे, मी येते, सहा आठवडे. ती हसायलाच लागली. "तू येऊन काय करशीन व? तुले मेथीची जुडी तरी बांधता येते का आता?" मग हसू थांबलं. "अन् तुया शर्यती? तवाच असतात ना त्या?" मी म्हटलं, असतात. ती म्हणाली, "पाहू."

पाहू म्हणजे नाही, हे वऱ्हाडात लहान पोरालाही कळतं. पण मी वर्षभर तिची पाठ सोडली नाही. या फेब्रुवारीत, दारावरून शर्यत जायच्या आठ दिवस आधी मी भातकुलीला उतरले आणि दुसऱ्या दिवशी ताईला अकोल्याच्या एसटीत बसवलं. खिडकीतून ती सूचनाच देत राहिली. बाबांची गोळी जेवणाआधी, जेवणानंतर नाही. पाणी आधी मेथीला. एसटी वळली तरी तिचं तोंड चालूच होतं.

जुड्या मला खरंच बांधता आल्या नाहीत. मंडईतला अडत्या एकदा फोनवर म्हणाला, "हे कोनी बांधली, सुटून राहिली." बाबांनी शांतपणे सांगितलं, "आमच्या शास्त्रज्ञानं." पहिले दहा दिवस ताई रोज दोनदा फोन करून माझी उलटतपासणी घ्यायची. शनिवारी मी आणि बाबांनी शर्यत फोनवर बघितली, बोटभर पडद्यावर, मधूनमधून रेंज जायची, आणि शेवटच्या चढाला ती गेलीच. कोण जिंकलं ते आम्हाला दुसऱ्या दिवशी समजलं.

चौथ्या आठवड्यात, मी घरामागच्या वाफ्यात असताना, दुपारी ताईचा फोन आला. मी चिखलाचा हात पुसून गोळ्यांचा आणि पाण्याचा हिशेब द्यायला सरसावले. पण ताई भलत्याच तारेत होती. तिनं दहा दिवसांपूर्वी रानवांग्याच्या खुंटावर दीडशे कलमं बांधली होती आणि त्यातली बहुतेक जगली होती. पातं कोणतं धरायचं, काप किती तिरपा द्यायचा, क्लिप कधी काढायची, सावलीत किती दिवस ठेवायचं. एका शहाण्या सरांशी तिचा वादही झाला होता आणि तिचंच खरं निघालं होतं. बेचाळीस वर्षांची माझी बहीण शाळेतून आलेल्या मुलीसारखी बोलत होती, आणि मी नुसतं हं हं करत होते. अर्ध्या तासानं मागून तिला कोणीतरी हाक मारली. "आली आली," ती ओरडली, आणि मला म्हणाली, "चाल, ठेवतो."

फोन ठेवल्यावर माझ्या ध्यानात आलं. बाबा कसे आहेत, मेथी कशी आहे, तिनं काही म्हणजे काहीच विचारलं नव्हतं. ती घर विसरली होती. मी बांधावर बसले आणि मला रडू आलं, आणि इतकं बरंही मला घर सोडल्यापासून कधी वाटलं नव्हतं.

बाबांनी ओट्यावरून हाक दिली, "मंदीचा फोन होता का व? काय म्हने?"

"काही नाही," मी म्हटलं. "आपली आठवण नाही आली तिला."

"बरं झालं," बाबा म्हणाले.