आदाप्पांचं नाक

आदाप्पा आधी हुंगायचे, मग बोलायचे. ते फिटर होते त्या मिरजेच्या बर्फाच्या कारखान्यात मी पहिल्यांदा गेलो तेव्हा त्यांनी नळ्यांच्या सांध्यासांध्याला नाक लावत फेरी पुरी केली आणि मगच "या मास्तर" म्हणाले. बर्फ गोठवणारा अमोनिया कुठून निसटतोय, हे ते असं शोधत. "नाक हाच आपला मीटर. वास न्हाई, तर भ्या न्हाई," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

मी सांगलीच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचो. डिझेल-रॉकेलला रांगा लागायच्या ते दिवस. अमोनियातला हायड्रोजन सोडवला तर त्यावर इंजिन चालेल आणि धूरही होणार नाही, हे आदाप्पांच्या डोक्यात बसलं होतं. त्यासाठी उत्प्रेरक हवा, आणि पुस्तकातले उत्प्रेरक सोन्याच्या मोलाचे. आदाप्पा त्याला 'मध्यस्थ' म्हणत. "लगीन जुळवाय मध्यस्थ लागतो, तसा मोडायबी लागतो. पर येवडा म्हागाचा कशाला? आपल्यातलाच बगू की." त्यांनी लेथखालचा लोखंडाचा चुरा गोळा केला, त्यात केळीच्या खुंटाची राख कालवली, ते नळीत भरून भट्टीत तापवलं आणि त्यातून अमोनिया सोडला. मी हसलो होतो. घरी जाऊन जुनी पुस्तकं चाळली, तर लोखंड आणि राखेतला क्षार ही जोडी तिथेही सापडली. माणूस बरोबर वाटेवर होता.

दोन वर्षं गेली. डोळे सदा लाल, म्हणून आदाप्पा वेल्डिंगचा चष्मा लावू लागले. एकदा त्यांच्या घरी चहाला बसलो होतो. चुलीवर दूध करपलं. मला ओसरीत वास आला, चुलीजवळ बसलेले आदाप्पा बोलतच राहिले. त्यांची बायको चंपाताई धावत आल्या. "आवं मास्तर, ह्यांस्नी आता वासच कळंना झालाय," त्या म्हणाल्या. आदाप्पांनी हसण्यावारी नेलं.

पुढच्याच रविवारी त्यांनी बोलावलं. भट्टी लाल झाली होती. अमोनिया सगळा फुटला, म्हणजे त्यातला हायड्रोजन सुटा झाला, तर वास उरत नाही, हीच त्यांची परीक्षा. नळीच्या तोंडाशी नाक नेऊन त्यांनी हुंगलं, पुन्हा हुंगलं. "वास न्हाई! मास्तर, सगळा फुटला बगा!" मी दाराशी होतो, तरी नाक झोंबत होतं आणि डोळ्यांतून धारा लागल्या होत्या.

"रडताय व्हय?" म्हणत ते जवळ आले. मग आवाज उतरवून म्हणाले, "खरं सांगा. घरात माझ्या नाकावर कुनाचा इस्वास न्हाई. तुमाला येतोय वास?"

अजून चिमूटभर राख, थोडी जास्त आच, कदाचित एवढंच कमी असेल. सांगितलं असतं तर ते पुन्हा कामाला लागले असते. पण इतक्या दिवसांनी तो माणूस मनापासून हसत होता. माझा धीर झाला नाही.

"नाही," मी म्हणालो.

महिन्याभरात कारखान्यातली माणसं एका सकाळी वास येतोय म्हणून बाहेर आली. आदाप्पांनी दारातूनच हुंगलं. "कुठं हाय रं वास? माझं नाक मास्तरांनी तपासलंय," म्हणत ते आत गेले, आणि गळणारा सांधा फुटला. आदाप्पा जागीच गेले.

मी भेटायला गेलो तेव्हा चंपाताई भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्यांनी विचारलं, "त्या रविवारी तुमालाबी वास आला न्हवता ना?"

"आला होता," मी म्हणालो.

त्या उठून आत गेल्या. मी संध्याकाळपर्यंत ओसरीत बसून होतो. त्या बाहेर आल्या नाहीत.