तांदळातलं नाव

"आता आमच्या मावशीच घ्या," तो म्हणाला. "ह्या भारतात जन्मल्या, ह्याला पुरावा काय?"

माझ्या हातात चहाचा ट्रे. समोर त्याचे चार वकील मित्र. एक जण म्हणाला, "काय मावशी, बॉर्डर ओलांडून नाही ना आलात?"

सगळे हसले. तोही हसला.

तो म्हणजे बाबू. मुलुंडच्या त्यांच्या घरात मी त्याच्या जन्माआधीपासून राबत होते. त्याला पायांवर घेऊन न्हाऊ घातलं ते मीच. एरवी मला तू म्हणायचा. त्या दिवशी तुम्ही म्हणाला.

त्यांचा वाद मी ओट्यापाशी ऐकला होता. जन्म मोठा की रक्त, ह्यावर घटना लिहिणारेसुद्धा भांडले होते म्हणे. तेव्हा जन्म मोठा ठरला. पुढे कायदा बदलत गेला, आता पोरांना आईबापांचेही कागद लागतात. माझ्या वयाच्या माणसाला नुसता जन्म पुरतो. पण तो दाखवायचा कसा?

मी घाटकोपरच्या टेकडीवर झोपडीत जन्मले. सुईण शेजारची, कधीच मेली. शाळेत मास्तरांनी तारीख विचारली, आईला सांगता आली नाही. मास्तरांनी एक जून लिहिली. वर्गात निम्म्या पोरांची एक जूनच. लग्नात नवऱ्याने ताटातल्या तांदळात माझं नवं नाव लिहिलं. बायका हसल्या, मी लाजले. तांदूळ सांडले, नाव राहिलं. आता शाळेच्या दाखल्यावर एक नाव, आधारवर दुसरं. कागद तपासणाऱ्या ऑफिसातला माणूस म्हणाला, ह्या दोन बायका आहेत. दोघी एकच, असं ओळखीच्या मोठ्या माणसाचं प्रतिज्ञापत्र आणा.

तो कागद मी सहीसाठी बाबूकडे पंधरा दिवसांपूर्वी दिला होता. पेपरांच्या रद्दीत पडला होता.

मी ट्रे खाली ठेवला. "बाबू, माझ्या कागदावर सही करतोस ना?"

"मावशी, लग्नाआधीच्या तुम्हाला मी कुठे ओळखतो? शपथेवर खोटं कसं लिहू?"

त्याची आई बाजूलाच बसली होती. टेकडीवरच्या आमच्या झोपडीत येऊन तिनेच मला कामाला आणलं होतं. माझी आई मला जुन्या नावाने हाक मारायची, ती हिने ऐकली होती. मी तिच्याकडे बघितलं. "काकू, तुम्ही सांगा ना."

काकूंनी पेपरचं पान उलटलं.

तेव्हा माझ्या आत काहीतरी तुटलं. हसण्याने नव्हतं तुटलं.

मी बाबूला म्हटलं, "तू जन्मलास तेव्हा तू होतास काय रे शुद्धीवर? तुझा जन्म मला माहीत आहे. हॉस्पिटलच्या दारात रात्रभर मी बसले होते. मला कुणी पुरावा मागितला नाही."

मी रद्दीतून माझा कागद उचलला आणि चपला घातल्या. चहा तसाच राहिला.

परत गेले नाही. जाणारही नाही. माझ्या पायांना त्याचं वजन अजून आठवतं, त्याला मी काय करू?

उद्या शाळेत जाऊन जुनं रजिस्टर काढायला लावणार. नाही म्हणाले तर परवा जाईन, तेरवाही जाईन. चौथी शिकले आहे, दोन्ही नावं माझ्या हाताने लिहीन. एवढं करूनही त्या ऑफिसात नाही म्हणाले, तर मी विचारीन, मी इथली नाही, ह्याचा पुरावा तुमच्याकडे काय? आणि उत्तर मिळेपर्यंत खुर्चीवरून उठणार नाही.