नव्या गाडीचा हार

कोल्हापूरहून निघून आंबोलीचा घाट उतरताना माझ्या मांडीवर पाने-पकडींची जड पिशवी होती. माझी भाची मीनल डिचोली तालुक्यात, पेडण्याच्या बाजूच्या एका गावात शिक्षिका आहे. शाळा सुटल्यावर ती मुलांना रोबोटिक्स आणि कोडिंग शिकवते. "मामा, चाळीस वर्षं कारखान्यात लेथ मशीनवर काढलीत, एकदा आमची मुलं बघा," असं ती वर्षभर म्हणत होती आणि मी टाळत होतो. ज्यांना साधा नट आवळता येत नाही त्यांना कसला रोबो, असं माझं ठाम मत होतं. पाहिलं काहीच नव्हतं. उचलली जीभ, लावली टाळ्याला!

पेडण्याला बस बदलायची होती. बाजारातल्या हॉटेलात पातळभाजी आणि पोई (कोंड्याचा, आतून पोकळ पाव) घेतली. पिशवी बघून मालकांनी विचारलं, "फ्रिज दुरुस्तीक इलास?"

"नाही, शाळेतला रोबो बघायला."

"मगे ही पिशवी कित्याक?"

मी दुसरी पोई मागवली.

पुढचा रस्ता काजूच्या डोंगरांतून जातो. मग माती लाल होत जाते आणि जुन्या खाणींचे ढिगारे दिसू लागतात. त्यांच्यावर आता झाडं उगवली आहेत. कडेला काही ट्रक उभे होते, बरेच दिवस न हललेले.

असाच एक ट्रक मीनलच्या गावातल्या रघुनाथच्या अंगणात होता. दीक्षा ही त्याची मुलगी, नववीतली. मुलांनी बनवलेल्या रोबो-गाडीचा सगळा प्रोग्राम तिनेच लिहिलाय, असं मीनल सांगत होती. शाळेनंतरच्या या वर्गामुळे तिला घरी यायला अंधार पडतो, म्हणून रघुनाथ त्यातून तिचं नाव कमी करायच्या विचारात होता. त्याला समजवायलाच मीनल मला संध्याकाळी त्याच्याकडे घेऊन गेली.

"येवा मामानू, बसा," म्हणत त्याने कदेल (खुर्ची) पुढे केली. चहा झाला, आणि मग तो मनातलं बोलला. "यंत्र शिकान काय व्हता? ह्या ट्रकाचो बोल्ट न् बोल्ट मी वळाखतंय. खाण बंद झाली आणि ट्रक दारात गंजलो. यंत्र आपल्याक वळाखता काय?"

दीक्षा दारातून ऐकत होती. रघुनाथचं म्हणणं खोटं नव्हतंच.

"उद्या पालकांची सभा आसा," तो म्हणाला. "गाडी चलताना बघतंय. नाय चलली तर शाळा सुटल्यार माजा चेडू सरळ घरा."

दुसऱ्या दिवशी शाळेच्या व्हरांड्यात पालक जमले. मधोमध बुटाच्या खोक्याएवढी चार चाकांची गाडी. पुढे दोन गोल डोळे. समोर काही आलं की ते ओळखून गाडीने थांबायचं आणि वळायचं. दीक्षा बटण दाबणार, इतक्यात रघुनाथ पुढे आला. हातात झेंडूचा हार, कुंकू आणि लिंबू.

"नवी गाडी आणि हार नाय?"

त्याचा चेहरा बघून कोणी अडवलं नाही. ट्रकला बांधावा तसा त्याने समोरून हार बांधला, कुंकू लावलं, चाकाखाली लिंबू ठेवलं. लिंबू मी हळूच काढून घेतलं. एवढ्याशा गाडीला ते डोंगरच झालं असतं.

दीक्षाने बटण दाबलं. दिवा लागला. गाडी जागची हलेना.

मी पिशवी उघडून पुढे सरसावलो. "बॅटरी गेली," असा निकालही देऊन टाकला. बॅटरी बदलली. तरी नाही. मागे कुजबुज सुरू झाली. रघुनाथ मान खाली घालून उभा होता. हार आणणाऱ्याला मनातून गाडी चालायलाच हवी होती; त्याला हरल्यासारखं वाटतंय हे मला कळत होतं आणि फार वाईट वाटत होतं.

दीक्षा मात्र जमिनीवर पालथी पडून गाडीकडे समोरून बघत होती. मग उठली. हाराकडे हात नेला आणि मागे घेतला. वडिलांनी घातलेला हार चारचौघांत काढायचा कसा?

"बाबा," ती हळू म्हणाली, "तुजो हार तिच्या डोळ्यांफुडे येता. तिका वाटता, फुड्यात कोणतरी उभो आसा."

रघुनाथ खाली बसला. हार सोडून त्याने गाडीच्या मागच्या बाजूला बांधला, गाठ दोनदा तपासली.

"ट्रकाच्या काचेर हार इलो तर मी पण बाजूक करी होतंय," तो म्हणाला. "चलय."

गाडी निघाली. भिंतीपाशी थांबली, वळली आणि झेंडू फरफटत परत आली. टाळ्या झाल्या. माझी पिशवी मी पायाने बाकाखाली सरकवली.

सभेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी डिचोलीच्या स्टँडवर मला स्कूटरवरून सोडायला रघुनाथच आला. वर्गाबद्दल त्याने चकार शब्द काढला नव्हता आणि विचारायचा मला धीर होत नव्हता. बसचं इंजिन सुरू झाल्यावर तो खिडकीपाशी आला.

"मामानू, हार म्हणजे आडकाठी न्हय, ता त्या गाडीक शिकवूक येता काय?"

"मला नाही सांगता येणार. लेकीला विचारा."

"इचारलंय. येता म्हणता. पण खूप दीस लागतले."

"मग?"

"लागांदेत. रोज सांजेक वर्ग सुटल्यार मी तिका नेवक येतलंय."

कोल्हापूरपर्यंत पिशवी मांडीवर होती. दर दसऱ्याला मी लेथला हार घालत आलो. लेथला तो हार ओळखता यावा, असं माझ्या कधी मनातही आलं नाही.