उंबऱ्यावरचा कदमताल

माझे वडील फौजेत रंगरुटांना परेड शिकवायचे. सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावात घरटी एक माणूस लष्करात, त्यामुळे फौजीचं तिथं कुणाला अप्रूप नव्हतं. पण परेड शिकवणारा उस्ताद गावात एकच होता. निवृत्त होऊन ऊस लावू लागले तरी पाण्याच्या पाळीला आबा बांधावरून अशा चालीने जायचे, की समोरून येणारा आपोआप ताठ व्हायचा.

आई गेल्यावर मी त्यांना सांगलीला माझ्या घरी आणलं, आणि त्याच सुमारास कंपवाताचं निदान झालं. आधी उजवा हात थरथरायला लागला. मग चाल मंदावली, आवाज बारीक होत गेला. पुढे एक नवंच सुरू झालं. चालता चालता दारात आले की त्यांचे पाय जमिनीला खिळायचे. वरचं अंग पुढे झुकलेलं आणि पाय तिथेच. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, हा आजार बरा होत नाही, सांभाळावा लागतो. दारात, वळणावर, गर्दीत असं होणारच.

मी जात्याच तापट. माझा राग आजारावर असायचा, पण आवाज चढायचा तो आबांवर. "आबा, उचला की पाय!" म्हणून मी हाताला धरून ओढायची आणि ते तोल जाऊन पडता पडता वाचायचे.

एका सकाळी मी चहा गाळत होते आणि आबा स्वयंपाकघराच्या दारात अडकले. मी काही बोलणार तेवढ्यात त्यांनी मान खाली घालून स्वतःच्या पायांकडे बघितलं आणि हुकूम सोडला, "कदम ताल! एक-दो, एक-दो!"

पाय जागच्या जागी वरखाली होऊ लागले.

"आगे बढ!"

आबा उंबरा ओलांडून सरळ ओट्यापाशी आले. "थम!" म्हणाले आणि थांबले. माझ्या हातातलं गाळणं तसंच हवेत राहिलं.

"पाय माझं ऐकत न्हाईत," ते म्हणाले, "पर उस्तादाचं ऐकत्यात. रंगरूटं हाईत, दुसरं काय."

त्या दिवसापासून आमच्या घरात परेड सुरू झाली. डॉक्टरांच्या कानावर घातलं तर ते खूश झाले. काही पेशंटना असा ठेका धरून चालता येतं, चालू ठेवा, म्हणाले. पण मला जास्त नवल वाटलं ते आबांच्या बोलण्याचं. एवढे दिवस ते स्वतःला म्हातारा, मोडका, निकामी म्हणायचे. आता म्हणायला लागले, "मला वाटत हुतं हातपाय जुनं झालं. उलटं हाय गं. नवी भरती झालीया. ह्यास्नी अजून डावं-उजवं कळत न्हाई. शिव्या घातल्या की आणखी गोंधळत्यात. पयल्यापास्नं शिकवाय पायजेल."

आणि खरंच शिकवायला लागले. शर्टाचं बटण लावायला लागायचा तेवढा वेळ लागू द्यायचे. थरथरणाऱ्या हाताला 'चुळबुळ्या' असं नाव पडलं. गोळीचा असर उतरला की खुर्चीत बसून राहायचे आणि जेवायला बोलावलं तर म्हणायचे, "थांब जरा, पलटण सुट्टीवर हाय." एकदा बाथरूमपाशी पडले. मी रडकुंडीला आले, तर मलाच समजावलं, "कवायतीत कोण ना कोण पडतंयच."

"तुम्हाला राग नाही येत, आबा?" मी एकदा विचारलं.

"येतो की. लय येतो. पर उस्तादच रंगरुटावर रुसून बसला, तर परेड कोण घेणार?"

हे ऐकून मला माझ्या बापाचा एवढा अभिमान वाटला, की मी उठून उगाचच भांडी आवरायला लागले. तरी बाहेर मात्र मला लाज वाटायची. बँकेच्या दारात 'कदम ताल' झालं की लोक वळून बघायचे आणि मी आबांच्या आधी आत पळायची.

मग माझ्या मुलीचं लग्न ठरलं. आमच्यात नवरीला मांडवात मामा आणतो आणि मंगलाष्टकं होईपर्यंत तिच्या पाठीशी उभा राहतो. मला सख्खा भाऊ नाही. खंडाळ्याचा चुलतभाऊ तयार होता, पण मुलीने हट्ट धरला, मला आबाच आणतील. आबांचा चेहरा असा उजळला, की त्यानंतर नाही म्हणायची माझी छातीच झाली नाही. तरी एकदा बोललेच, "भर मांडवात अडकलात तर?"

"तर उभा ऱ्हाईन. नवरी काय पळून जातीया?"

मला झोप लागेना. साऱ्या पाहुण्यांपुढे आबा दारात खिळलेत आणि लोक हळहळताहेत, एवढंच डोळ्यांपुढे यायचं. ती हळहळ त्यांना आजारापेक्षा जड गेली असती. मी गुपचूप चुलतभावाला सांगून ठेवलं, दाराजवळच थांब, वेळ आली तर पुढे हो.

लग्नाच्या दिवशी गुरुजींनी अंतरपाट धरायला सांगितला आणि मुलीला घेऊन यायचा पुकारा केला. खोलीचं दार उघडलं. गुलाबी फेटा, पांढरा शुभ्र पोशाख, नातीच्या कोपराला धरलेला हात. उंबऱ्यापर्यंत आबा झोकात आले आणि तिथेच खिळले.

त्यांचे ओठ हलले. काय म्हणताहेत ते मला कळलं, पण आवाज सनईत बुडाला. परत ओठ हलले. पाय ढिम्म. मांडवात कुजबुज सुरू झाली. चुलतभाऊ पुढे सरकला. आबांनी मान वर केली आणि थेट माझ्याकडे बघितलं.

"कदम ताल!" मी ओरडले.

विहीणबाई दचकल्या. सनईवाले थांबले. मला कशाचीच शुद्ध नव्हती. "एक-दो! एक-दो!" आबांचे पाय उचलले गेले. "आगे बढ!" आणि ते निघाले, फेट्याचा तुरा डुलवत. माझी पोरगी शालूचा घोळ सावरत त्यांच्या पावलाला पाऊल मिळवून चालायला लागली. पुढच्या रांगेत गावाकडचे पेन्शनर फौजी बसले होते, ते न सांगता उठून सावधान उभे राहिले.

आबा नवरीच्या पाठीशी पोचले. गुरुजींनी मंगलाष्टकं सुरू केली. मी पदराने डोळे पुसत होते. थोड्या वेळाने बघते तर आबा अजून जागच्या जागी पाय वरखाली करताहेत, तुरा डुलतोय, अंतरपाट धरणारा हसू दाबतोय, आणि आबा भुवया उंचावून मला खुणावताहेत.

"थम!" मी म्हटलं. आबा थांबले. गुरुजीही थांबले. सगळा मांडव हसला आणि आबा सगळ्यांपेक्षा जास्त हसले.

अक्षता पडल्यावर मी त्यांना खुर्चीत बसवलं. "थम लय उशिरा दिलास," ते म्हणाले, "रंगरूटं दमली माझी." मग चुळबुळ्या हात त्यांनी माझ्या हातावर ठेवला. "पर आवाज खणखणीत हाय तुझा. माझा आता फुडं जायाचा न्हाई, बाय. उद्यापास्नं परेड तू घ्यायची."

दुसऱ्या दिवशी सकाळी लेकीविना घर सुनं होतं. आबा स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले आणि माझ्या हुकमाची वाट बघू लागले.