खुंटीचा काळा दोरा

हकीमसाहेबांनी मला अंगणात उजेडाला उभं केलं, वाकून पाहिलं, आणि हात धुता धुता म्हणाले, "ही गरमी नव्हे. तेवढा नशीबवान आहेस. पण हे जायचंही नाही."

मी विचारलं, जायचं नाही म्हणजे किती दिवस.

"तू जिवंत असेपर्यंत. मेल्यावर त्रास द्यायचं नाही."

कसब्यातला माणूस, बोलायचा असाच. मला राग आला, पण राग धरायला अंगात बळ नव्हतं. मी खांबाला धरून उभा होतो, लघवी आदल्या सकाळपासून बंद होती आणि ओटीपोट नगाऱ्यासारखं ताणलं होतं.

मी पागेतला नालबंद. आता म्हातारा झालो. मोडी येते ती घोड्यांच्या दाण्याचा हिशेब मांडण्यापुरती. तरी हे लिहायला बसलो, कारण पागेतली तरणी पोरं हे दुखणं धोतराआड लपवतात आणि मग जे करू नये ते करतात. मीही केलं होतं. हसायचं असेल तर हसा, पण वाचा.

हे कुठून आलं ते विचारू नका. मुलुखगिरीत छावणी असते, छावणीला बाजार असतो, आणि मी काही संन्यासी नव्हतो.

पुण्याला परतलो तेव्हा आधी नुसती चुणचुण होती, मुंगी चालल्यासारखी. मग मांडीत ठणका, जांघेत अवधाणाची गाठ, अंगात कसकस. मला वाटलं, दूरच्या रपेटीने अंग दुखतंय. दुसऱ्या दिवशी लिंगावर पाण्याचे बारीक फोड उठले, ज्वारीच्या दाण्याहून लहान, एका ठिकाणी पुंजका करून. ते फुटले आणि उघडी जखम राहिली. धोतराचा काठ लागला तरी डोळ्यांत पाणी यायचं.

वैद्याकडे जाऊन धोतर सोडायचं म्हणजे माझ्याच्याने होणार नव्हतं. घोड्याच्या पायाची शीर सुजली की आम्ही बिब्बा लावतो. बिब्बा गरम केला की काळं तेल सुटतं. ते लावलं की कातडी उतते, वाहते, आणि आतलं दुखणं ओढून काढते असं आम्ही मानतो. बिबवेवाडीच्या रानातला ताजा बिब्बा माझ्याकडे होता. मनात म्हटलं, एवढ्या थोरल्या घोड्याला गुण येतो, मग मला का येऊ नये.

उतला. कसा उतला ते लिहीत नाही. सूज इतकी आली की वाटच मिटली.

माझी बायको येसू सालोत्र्याची लेक, म्हणजे घोड्याच्या वैद्याची. तिने मला गोठ्यामागे भिंतीला डोकं टेकून उभा पाहिलं. तिने बिब्ब्याचा वास घेतला, माझ्याकडे पाहिलं, आत जाऊन खोबरं किसलं आणि त्याचं दूध काढून आणलं. फडक्याने लावता लावता म्हणाली, "घोड्याला लावताना त्याचं तोंड बांधता. तुमचं कोणी बांधलं होतं? विचारायचं होतं की." मग शेजारची बैलगाडी जोडायला लावून तिनेच मला हकीमसाहेबांकडे आणलं.

त्यांनी घंगाळात कोमट पाणी भरवलं आणि मला त्यात बसवलं. म्हणाले, पाण्यातच सोड, लाजू नको, घंगाळ माझं आहे आणि त्याने याहून वाईट पाहिलंय. बराच वेळ काही झालं नाही. मी मान खाली घालून बसलो होतो, दाढीमिशीचा माणूस, न्हाऊ घालायला ठेवलेल्या पोरासारखा. मग सुटलं. मी रडलो. वेदनेने की सुटकेने, सांगता येत नाही.

त्यांनी समजावलं ते जसं आठवतं तसं लिहितो. गरमी, जिला वैद्य उपदंश म्हणतात आणि हकीम आतशक, तिचा व्रण बहुधा एकच असतो, कडक असतो आणि दुखत नाही. न दुखणारा व्रण जास्त वाईट. हे फोड पुंजक्याने येतात, फार दुखतात, सुकतात आणि पुन्हा तिथेच येतात. मधल्या काळात कुठे दडून बसतात ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. ठाऊक नाही असं सांगणारा हकीम मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला.

औषध म्हणजे काय, तर कडुलिंबाच्या पाल्याचं पाणी उकळून निवल्यावर त्याने धुवायचं, मऊ फडक्याने टिपायचं, घासायचं नाही. वर शंभर वेळा पाण्यात धुतलेलं तूप. धण्याचं पाणी भरपूर प्यायचं, म्हणजे लघवी कमी जळते. लंगोट नाही, सैल धोतर. सुकेपर्यंत घोड्यावर बसायचं नाही. हात लावला की हात धुवायचा, त्याच हाताने डोळा चोळायचा नाही. एवढंच. हिंगुळाच्या, म्हणजे पाऱ्याच्या, धुरीचं मी विचारलं, तर म्हणाले, "दात नको झालेत का?" माझ्याबरोबरच्या एका बारगीर स्वाराने न्हाव्याच्या नादाने ती धुरी घेतली होती. त्याच्या तोंडातून लाळ गळू लागली ती थांबली नाही. दात गेले आणि फोड परत आले.

मग त्यांनी विचारलं, लग्न झालंय का. मी म्हटलं, बाहेर गाडीत बसली आहे ती.

"तिला अजून नसेल तर तिला सांभाळ. चुणचुण सुरू झाली की जवळ जायचं नाही, खपली पडून कातडी नवी होईपर्यंत. तुझ्या हातात तेवढंच आहे."

परतताना गाडीत मी हे तिला कसं सांगू म्हणून जीभ चावत होतो. तिनेच तोंड उघडलं, ते घोड्यांवरून. मांजरी गावच्या कुरणात आमच्या पागेचे घोडे चरायला असत. घोडीवर सोडायच्या घोड्याला कधीकधी माझ्यासारखेच त्या जागी फोड येतात. मग त्याच्या खुंटीला काळा दोरा बांधतात, म्हणजे घोडे राखणारा मोतद्दार त्याला घोडीकडे नेत नाही. फोड सुकतात, कातडीवर पांढरे ठिपके राहतात, आणि दोरा सोडतात. घोड्याला कोणी बोल लावत नाही.

येसू म्हणाली, "आपल्या दाराजवळ खुंटी आहे. तोंडाने सांगायचं नसेल तर सांगू नका."

तसं ठरलं. चुणचुण आली की मी दोरा बांधायचा आणि ओसरीत अंथरूण टाकायचं. सोडायचा मात्र तिने, स्वतः पाहून. ते मला फार जड गेलं. पण सालोत्र्याची लेक, खपली न पाहता दोरा सोडणारी नव्हती.

पहिल्या वर्षी दोरा सारखा बांधलेला असायचा. जागरण झालं, ताप आला, डोक्यात काळजी शिरली की फोड यायचे. पुढे अंतर वाढलं, दुखणंही सौम्य झालं. तुम्हालाही होईल. पहिल्यांदा आलेलं सगळ्यांत वाईट असतं, ते सोसलं की पुढचं सोसतं. मी एकदाही दोरा चुकवला नाही. घरात मुलगी झाली, रांगू लागली. मला वाटलं, मी जिंकलो.

मग एका संध्याकाळी पागेतून घरी आलो, तर खुंटीला दोरा होता. मी बांधला नव्हता.

येसू चुलीपाशी भाकरी थापत होती, एका कुशीवर कललेली. मी उंबऱ्यातच उभा राहिलो. तिने वर पाहिलं नाही. म्हणाली, "अंथरूण ओसरीत टाका. आणि मला लिंबाच्या पाल्याचं पाणी उकळून द्या, मला बसून उठवत नाही."

मी पाणी उकळलं. दुसऱ्या दिवशी हकीमसाहेबांच्या दारात जाऊन आवाज चढवला. म्हटलं, तुम्ही सांगितलं तसं सगळं केलं, एक दिवस सोडला नाही. त्यांनी मला बोलू दिलं. मग म्हणाले, "अंगावर काही दिसत नसतानाही कधीकधी जातं. तेव्हा सांगितलं असतं तर तू सांभाळलंच नसतंस. सांभाळलंस म्हणून इतकी वर्षं ती सुटली." ते खरं असेल. मला अजून पटलेलं नाही.

तिला फार झालं. ताप, लघवीची आग, चालणं बंद. मी घंगाळात पाणी भरलं, तिला बसवलं, बाहेर उभा राहिलो. तूप शंभर वेळा मीच धुतलं. मला तिने एकदाही बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं. पुढे दोरा कोणी बांधला हे आम्ही कधी विचारलं नाही. ज्याला आलं त्याने बांधायचा, दुसऱ्याने पाहून सोडायचा.

पोरांनो, सांगायचं ते इतकंच. बिब्बा लावू नका, धुरी घेऊ नका. हकीमापुढे धोतर सोडायला जी लाज वाटते ती दोन घटकांची असते. आणि घरी सांगा. तोंडाने जमत नसेल तर दोऱ्याने सांगा. काही दिसत नाही म्हणून काही नाही, असं समजू नका. एवढं करूनही लागलं, तर पाणी उकळायला शिका.

येसू जाऊन बराच काळ झाला. या वयातही थंडीत मला दोन-चार फोड येतात. आता घरात निजायला दुसरं कोणी नाही, तरी मी दोरा बांधतो आणि ओसरीत अंथरूण टाकतो. खपली पडली तरी माझ्या हाताने तो सोडवत नाही. लेक माहेरी आली की खुंटीकडे बघते, काही विचारत नाही, आणि जाता जाता सोडून जाते.